जर्मनीत कुठल्या राज्यात आपली मुलं डिग्री पूर्ण करतात? राज्यवार टक्के बघून युनिव्हर्सिटी ठरवायची का?

मुलुंड_पूर्व

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, ज्यांना यातलं माहीत आहे त्यांनी कृपया वेळ काढून उत्तर द्या.

घरातली दोन मुलं जर्मनीला जायचं म्हणतायत, माझी मुलगी आणि बहिणीचा मुलगा. मुलगी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला मास्टर्स करायचंय. भाचा बारावीत आहे, तो म्हणतो बॅचलर्सलाच जातो, इथे कॅपच्या राउंडमध्ये अडकायचंच नाही. गेल्या आठवड्यात ठाण्यात एका कन्सल्टंटकडे आम्ही सगळेच गेलो होतो. त्याने लॅपटॉपवर जर्मनीचा नकाशा उघडला, सोळा राज्यं, काही हिरवी काही लाल, म्हणाला हिरव्या राज्यांत परदेशी विद्यार्थ्यांचं डिग्री पूर्ण करण्याचं प्रमाण गेल्या काही वर्षांत वाढलंय, लाल ठिकाणी घसरलंय, म्हणून लाल राज्यांत अर्जच करू नका. आणि लगेच हिरव्या राज्यातलं एक प्रायव्हेट कॉलेज पुढे केलं, दोघांसाठी तेच, मास्टर्सलाही तेच आणि बॅचलर्सलाही तेच.

आकडे कुठले विचारलं तर म्हणे सरकारी आहेत. प्रिंट मागितली तर दिली नाही.

माझे प्रश्न असे की राज्याराज्यात खरंच एवढा फरक पडतो का? एखाद्या राज्यात प्रमाण वाढलं किंवा घटलं तर त्याचं कारण काय असतं, तिथले पेपर अवघड की मुलंच कच्ची? आणि मुख्य म्हणजे यावरून ठरवायचं का? लोनसाठी राहता फ्लॅट तारण ठेवावा लागणार आहे, त्यामुळे मूल तिकडे जाऊन डिग्री न घेता परत आलं तर काय, हा विचार डोक्यातून जात नाही. मुलीसमोर बोलत नाही पण रात्री झोप लागत नाही हे खरं.

आकडेमोड

मुलुंडकर, तुमची काळजी अगदी योग्य आहे आणि प्रश्नही योग्य आहे. मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते, माझा धाकटा भाऊ तिकडे शिकून आलाय म्हणून हे आकडे मी बरेच खणून बघितलेत. त्या कन्सल्टंटला फोन करून एकच विचारा, हे टक्के कशाला कशाने भागून आलेत? त्याला सांगता आलं नाही तर नकाशा विसरून जा.

आता हे का ते सांगते. एखाद्या बॅचमधली किती मुलं डिग्रीपर्यंत पोचली हे मोजायचे दोन मार्ग. एक म्हणजे त्याच मुलांचा माग ठेवायचा, अमुक साली शंभर आली, त्यातली सहा वर्षांनी किती पास झाली. दुसरा मार्ग म्हणजे या वर्षी पास झालेल्यांची संख्या घ्यायची आणि तीन-चार वर्षांपूर्वी आत आलेल्यांच्या संख्येशी ताडून बघायची. म्हणजे विरारला तासा-दीड तासापूर्वी किती माणसं चढली ते मोजलं आणि आता चर्चगेटला किती उतरली ते मोजलं, मधे अंधेरीला कोण उतरलं, बोरिवलीला कोण नव्याने चढलं हे बघितलंच नाही. जर्मनीत बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांच्या गळतीचे जे आकडे सगळीकडे फिरतात ते हॅनोव्हरच्या डीझेडएचडब्ल्यू या संशोधन संस्थेचे असतात आणि ते या दुसऱ्या पद्धतीने काढलेले आहेत. काम चोख आहे, पण तो अंदाज आहे, एकेका मुलाची हजेरी नाही.

आता ते आकडे. 2020 मध्ये पास झालेल्या बॅचवरून काढलेला अंदाज असा की परदेशातून आलेल्यांमध्ये बॅचलर्सची गळती 41 टक्के आणि मास्टर्सची 28 टक्के. जर्मन मुलांची त्याच वेळची बॅचलर्सची 28 आणि मास्टर्सची 21. म्हणजे भाच्याचा रस्ता मुलीच्या रस्त्यापेक्षा बराच खडतर आहे, हे कुठल्याही राज्याच्या आधी ध्यानात घ्या. दोघांना एकच कॉलेज सुचवणाऱ्या माणसाने तुमचं ऐकूनच घेतलेलं नाही.

आणि हे आकडे हलतात किती बघा. परदेशी बॅचलर्सची गळती 2016 च्या बॅचला 45 होती, 2018 ला 49 झाली, 2020 ला 41 वर आली. दोन वर्षांत आठ टक्के कमी. एवढ्यात काही जर्मन प्रोफेसर प्रेमळ झाले नाहीत. 2020 म्हणजे कोव्हिडचं पहिलं वर्ष, उन्हाळी सेमिस्टरपासून बऱ्याच राज्यांनी नियम सैल केले, नापास झालेला अटेम्प्ट न धरणं, शिक्षणाची ठरलेली मुदत वाढवून देणं वगैरे, आणि हे प्रत्येक राज्याने आपापलं केलं कारण तिथे उच्च शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे 2020 च्या आसपासचे आकडे घेऊन कोणी "वाढलं" "घटलं" दाखवत असेल तर आधी हे आठवा. मास्टर्सची गळती तर त्याच काळात 26 वरून 28 झाली, म्हणजे उलट दिशेने गेली.

राज्याचं म्हणाल तर एक साधं गणित करून बघा. समजा दोन राज्यं आहेत, दोन्हीकडे शिकवणं सारखंच, बॅचलर्सची गळती दोन्हीकडे 41 आणि मास्टर्सची 28. फरक एवढाच की पहिल्या राज्यात शंभर परदेशी मुलांपैकी 80 मास्टर्सची आहेत आणि दुसऱ्यात 20 च. पहिल्याची एकूण गळती येते साधारण 31 टक्के, दुसऱ्याची 38. एक हिरवं झालं एक लाल झालं, आणि वर्गात तसूभर फरक नाही! उद्या दुसऱ्या राज्याने इंग्लिशमधले मास्टर्सचे कोर्स वाढवले की चार वर्षांत तेही हिरवं दिसायला लागेल आणि लोक म्हणतील वा सुधारणा झाली.

अजून दोन गोष्टी. सहा महिन्यांसाठी एक्स्चेंजवर आलेली मुलं "परदेशी विद्यार्थी" म्हणून धरली की ती डिग्री न घेता जाणारच, ती आलीच नव्हती डिग्रीला. आणि परदेशी पासपोर्टवाली पण जर्मनीतच शाळा शिकलेली मुलं, त्यांना तिकडे वेगळ्या गटात धरतात, ती मिसळली की चित्र आणखी बदलतं. चांगल्या तक्त्यात हे दोन्ही गट बाजूला काढलेले असतात, नकाशात रंग भरताना कोण एवढं बघतं.

कल्याण_ते_सॅक्सनी

काका, नमस्कार. मी सॅक्सनीत मास्टर्स करतोय, मेकॅनिकलच, मुंबई युनिव्हर्सिटीतून बीई. आकड्यांचं ताईंनी छान सांगितलं, मी आतून कसं दिसतं ते सांगतो.

तुम्ही विचारलंत पेपर अवघड की मुलं कच्ची. दोन्ही नाही. आपल्याकडे केटी लागली की आपण काय करतो, पुढच्या सेमला परत बसतो, त्याच्या पुढच्याला परत, शेवटी निघतेच. आणि इंटर्नल, टर्मवर्क, ओरलचे मार्क हाताशी असतात, पेपर बरा गेला नाही तरी तरून जातो. इथे बहुतेक विषयांत अख्ख्या सेमिस्टरची एकच परीक्षा, नव्वद मिनिटं किंवा दोन तास, तेवढ्यावर सगळं. 4.0 ला पास, 5.0 म्हणजे नापास. आणि बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच अटेम्प्ट. तिसऱ्यात गेला की नाव कापतात, आणि तो विषय सक्तीचा असेल तर तोच कोर्स जर्मनीत दुसऱ्या युनिव्हर्सिटीतही सहसा घेता येत नाही. केटीची सवय असलेला मुलगा पहिला अटेम्प्ट "बघून तर येऊ कसा असतो पेपर" म्हणून देतो आणि तिथेच त्याचा एक चान्स जातो. नियम माहीत असतो सगळ्यांना पण सवय जात नाही लवकर.

अजून एक म्हणजे परीक्षेचा फॉर्म कॉलेज भरत नाही, आपल्याला पोर्टलवर जाऊन प्रत्येक विषयाला स्वतः रजिस्टर करावं लागतं, तारीख गेली तर गेली. तयारी झाली नसेल तर मुदतीच्या आत नाव काढता येतं, मग अटेम्प्ट धरत नाहीत. आजारी पडलात तर डॉक्टरचं सर्टिफिकेट ताबडतोब परीक्षा विभागाला द्यायचं. हे नीट समजून घेतलेली मुलं एकेका सेमला तीनच विषय घेतात, बाकीचे पुढे ढकलतात, आणि दोन वर्षांचा कोर्स अडीच-तीन वर्षांत पण नीट पूर्ण करतात. गडबड होते ती सगळे सहा विषय एकदम घेऊन दोन वर्षांत संपवायचंच म्हणणाऱ्यांची, कारण घरी लोनचा हप्ता दिसत असतो.

आता राज्यांचा फरक. आहे, पण कन्सल्टंट सांगतो तसा नाही. आमच्याकडे पूर्वेला, म्हणजे सॅक्सनी, सॅक्सनी-आनहाल्ट, थ्युरिंगिया, ब्रांडेनबर्ग, इथे जर्मन मुलांची संख्या कमी होत गेली आणि बाहेरच्यांची वाढली, भाडं स्वस्त, त्यामुळे खोलीसाठी वणवण कमी. म्युनिकला माझा बॅचमेट आहे, सुरुवातीचे कित्येक महिने तो खोल्याच बदलत होता, अभ्यास कधी करणार. पण तिकडे पार्टटाइम जॉब आणि कंपन्यांत वेर्कश्टुडंटची, म्हणजे शिकता शिकता करायची विषयाशी संबंधित, कामं खूप, आमच्याकडे छोट्या शहरात ती कमी, मग मुलं वेअरहाऊसच्या नाइटला जातात. मार्च 2024 पासून वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करायची परवानगी आहे, आधी 120 आणि 240 होती. परवानगी वाढली ते बरंच झालं, पण सकाळी सहाला शिफ्टवरून आलेला मुलगा आठच्या लेक्चरला बसून काय ऐकणार काका, मी डोळ्यांनी बघतो रोज.

म्हणून राज्य बघायचं तर टक्क्यांसाठी नका बघू, भाडं किती आणि कोर्सशी संबंधित काम त्या शहरात मिळतं का, हे बघा. मुलीला विचारून घ्या तिला कुठल्या विषयात इंटरेस्ट आहे आणि त्या विषयाची इंडस्ट्री कुठे आहे.

गोरेगावकर77

थोडं विषयांतर होईल पण कॅनडाच्या बाबतीतही प्रांतवार हेच चाललंय. जानेवारी 2024 मध्ये त्यांनी स्टडी परमिटवर मर्यादा आणली आणि ती प्रांतांना वाटून दिली, ऑन्टारियोसारख्या प्रांताचा कोटा एकदम खाली आला. आता दोन-तीन वर्षांनी तिथे पास होणारी मुलं म्हणजे आधीच्या मोठ्या बॅचमधली आणि नवीन येणारी मुलं थोडी. कोणी हे दोन आकडे शेजारी ठेवून भागाकार केला तर ऑन्टारियोचं प्रमाण आकाशाला भिडलेलं दिसेल. त्यामुळे ताईंचं म्हणणं पटलं.

आकडेमोड

गोरेगावकर, अगदी हेच. आणि जर्मनीत याची उलटी बाजू दिसते. भारतीय विद्यार्थी 2018-19 च्या सुमाराला तिथे वीस हजारांच्या आसपास होते, 2022-23 ला चीनला मागे टाकून पहिल्या नंबरवर आले, 2023-24 च्या हिवाळी सेमिस्टरला 49 हजारांवर गेले, त्याच्या पुढच्या वर्षी 59 हजारांच्या आसपास. म्हणजे पटावरची बहुसंख्य मुलं अजून शिकतच आहेत, त्यांना पास व्हायला वेळच मिळालेला नाही. ज्या राज्यात ही वाढ जास्त तिथे "एकूण भारतीयांपैकी डिग्री किती जणांना" असं काढलं की प्रमाण घसरलेलंच दिसणार. लाल रंग म्हणजे तिथे मुलं नापास होतायत असं नाही, तिथे मुलं आत्ताच पोचलीयत असाही त्याचा अर्थ असू शकतो.

ठाणे_वेस्ट_आई

भाऊ, मी फक्त आईच्या बाजूने लिहिते कारण आमचं यातून जाऊन झालंय. मुलगी बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये होती. त्या राज्यात 2017-18 च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला 1500 युरो फी आहे, सरकारी युनिव्हर्सिटी असूनही. फी लागली त्या पहिल्या वर्षी बाहेरून नवीन येणाऱ्यांची संख्या साधारण एक पंचमांशाने कमी झाली होती. आणि आता बव्हेरियानेही युनिव्हर्सिट्यांना मुभा दिलीय, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत 2024-25 च्या हिवाळ्यापासून मास्टर्सला सेमिस्टरला 4000 ते 6000 युरो. शेजारच्या राज्यात तोच विषय जवळजवळ फुकट, फक्त सेमिस्टरची वर्गणी. तेव्हा राज्यांत खरा फरक हवा असेल तर तो इथे आहे, आणि तो डिग्री पूर्ण होण्यावरही पडतो. का सांगते.

मुलीला दोन सेमिस्टर जास्त लागली. नापास वगैरे काही नाही, थीसिससाठी कंपनी मिळायला वेळ गेला आणि एक विषय तिने मुद्दाम पुढे ढकलला. पण दोन सेमिस्टर म्हणजे 3000 युरो फी, वर राहणं-खाणं. जर्मन सरकार ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाला 11,904 युरो मागतं सप्टेंबर 2024 पासून, म्हणजे महिन्याला 992, तो हिशोब धरला तर एक जादा वर्ष केवढ्याला पडतं बघा. आणि लोनचं म्हणजे कोर्सचा काळ अधिक एक वर्ष एवढीच सवलत असते साधारण, बँकेने कोर्स दोन वर्षांचा धरलेला, त्यामुळे थीसिस चालू असतानाच हप्ता सुरू व्हायची वेळ आली. ब्रँचमध्ये चकरा मारून, युनिव्हर्सिटीचं पत्र दाखवून मुदत वाढवून घेतली. त्या महिन्यांत तिच्यावर जे दडपण आलं ते मी व्हिडिओ कॉलवर तिच्या चेहऱ्यावर बघितलंय, एकदा म्हणाली आई सोडून देऊ का. तिला नोकरी लागली आता, सगळं छान आहे, पण त्या वेळी पैशापायी सोडलं असतं तर ती पण तुमच्या त्या 28 टक्क्यांत गेली असती ना, आणि कोणी म्हटलं असतं मुलगी कच्ची होती.

म्हणून माझं ऐका, लोन घेतानाच कोर्स अडीच-तीन वर्षांचा धरून बोला बँकेशी. आणि मुलीला आधीच सांगून ठेवा की एक सेमिस्टर जास्त लागलं तरी घरचे कोणी काही म्हणणार नाही. हे सांगून ठेवणं फार गरजेचं आहे, त्या बिचाऱ्या तिकडे एकट्या असतात.

मुलुंड_पूर्व

ताई, तुमचं वाचून मुलीच्या आईने लगेच मुलीला बोलावून वाचायला दिलं. मनापासून आभार. बँकेचं हे कोणीच सांगितलं नव्हतं.

कन्सल्टंटला फोन केला होता. कशाला कशाने भागलं विचारलं तर म्हणाला साहेब एवढं कोणी विचारत नाही. म्हणून तो विषय आमच्याकडून संपला.

आता भाच्याचं सांगा कोणीतरी. 41 टक्के ऐकून बहीण घाबरलीय. आणि मुलीसाठी, राज्याचा आकडा नको तर मग कुठला बघू?

जर्मन_शिकवते_दादर

भाच्याबद्दल मी लिहिते. मुंबईत जर्मन शिकवते, काळाघोड्याच्या माक्स म्युलर भवनच्या परीक्षांना बसणारी मुलं माझ्याकडे येतात, त्यातली बरीच बारावीनंतर लगेच जाणारी.

बहिणीला सांगा घाबरू नका पण घाईही करू नका. पहिली गोष्ट म्हणजे आपल्या नुसत्या बारावीवर तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटीत थेट बॅचलर्सला प्रवेश मिळत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड पास असेल तर इंजिनिअरिंगसाठी दार उघडतं, नाहीतर इथे एक वर्ष मान्यताप्राप्त कॉलेजात करून जायचं किंवा तिकडे श्टुडिएनकोलेग करायचं, म्हणजे साधारण दोन सेमिस्टरची तयारी, इंजिनिअरिंगवाल्यांना त्यातला टी-कोर्स, शेवटी परीक्षा. आणि इथे राज्यांचा फरक खरंच आहे, काही राज्यांत सरकारी श्टुडिएनकोलेग चांगली चालतात, एनआरडब्ल्यू म्हणजे नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याने आपली सरकारी पंधराएक वर्षांपूर्वीच बंद केली, तिथे आता खाजगी आहेत आणि त्यांची फी वेगळी. श्टुडिएनकोलेगच्या प्रवेश परीक्षेलाच बी1-बी2 म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन लागतं.

मग बॅचलर्स बहुतांश जर्मनमधूनच, त्याला टेस्टडाफ किंवा डीएसएच ही जर्मन भाषेची परीक्षा लागते. परदेशी मुलांची बॅचलर्सची गळती मास्टर्सपेक्षा एवढी जास्त का, त्याचं मोठं कारण माझ्या मते हेच. सर्टिफिकेट मिळवणं आणि तीनशे मुलांच्या हॉलमध्ये माईकवर भरभर बोलणाऱ्या प्रोफेसरचं मेकॅनिक्स जर्मनमध्ये ऐकून वहीत उतरवणं यात खूप अंतर आहे. माझ्याकडची मुलं फोन करून सांगतात, मॅडम शब्द सगळे कळतात पण वाक्य संपेपर्यंत सर पुढच्या स्लाइडवर गेलेले असतात, कारण क्रियापद शेवटी येतं. अठराव्या वर्षी हे सगळं, शिवाय स्वतःचं जेवण, भाडं, इन्शुरन्स, परदेशी नागरिकांच्या ऑफिसची अपॉइंटमेंट.

ज्या मुलांनी इथेच बी2 नीट पक्कं केलं, घाईत रट्टा मारून नाही, रोज ऐकायची बोलायची सवय लावून, ती मुलं टिकलेली मी बघितलीयत. माझं स्पष्ट मत, भाच्याने एक वर्ष इथे इंजिनिअरिंग किंवा बीएस्सीचं पहिलं वर्ष करावं आणि सोबत जर्मन बी2 पर्यंत न्यावं. आणि इथेच चार वर्षं करून मास्टर्सला गेला तरी काही बिघडत नाही, उलट सोपं जाईल.

प्रायव्हेट कॉलेजचं म्हणाल तर सगळी वाईट नाहीत पण सरकारमान्य आहे का हे आनाबिन या डेटाबेसमध्ये स्वतः तपासा, नावापुढे एच प्लस असायला हवं. कन्सल्टंटच्या ब्रोशरवर विश्वास ठेवू नका.

कल्याण_ते_सॅक्सनी

काका, मुलीसाठी कुठला आकडा बघायचा ते सांगतो, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. इथे कोर्सला मान्यता देताना एक रिपोर्ट बनतो आणि तो जर्मनीच्या ॲक्रेडिटेशन काउन्सिलच्या वेबसाइटवर सगळ्यांना फुकट बघता येतो. युनिव्हर्सिटी आणि कोर्सचं नाव टाकून शोधायचं. रिपोर्ट जर्मनमध्ये असतो, ट्रान्सलेटरला टाकला की कळतो. त्यात शेवटाकडे "डाटन त्सुम श्टुडिएनगांग" (कोर्सची आकडेवारी) असा भाग असतो, त्यातला "आपश्लुसक्वोटे" (डिग्री पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण) नावाचा तक्ता बघायचा. प्रत्येक सेमिस्टरला किती मुलं आली, त्यातली किती ठरलेल्या मुदतीत पास झाली, किती एक सेमिस्टर उशिरा, किती दोन सेमिस्टर उशिरा, सगळं ओळीने दिलेलं असतं. परदेशी-जर्मन असं वेगळं नसतं त्यात. पण इंग्लिशमधला मास्टर्स असेल तर वर्गात बहुतेक बाहेरचीच मुलं असतात, त्यामुळे तो आकडा जवळजवळ आपलाच आकडा समजायचा.

आता वाचायचा कसा. ठरलेल्या मुदतीतला कॉलम बघून घाबरायचं नाही, तिथे जर्मन मुलंही थोडीच असतात. एक आणि दोन सेमिस्टर उशिराचा कॉलम बघायचा. तिथपर्यंत बहुसंख्य पास झालेत का, आणि एकाच वर्षी नाही तर तीन-चार बॅचना सलग तसं आहे का. शेवटच्या एक-दोन बॅचचे आकडे नेहमीच कमी दिसतात कारण ती मुलं अजून शिकत असतात, ते सोडून द्यायचे. आणि मधली 2020-21 ची बॅच आली तर ताई म्हणाल्या तसं कोव्हिड आठवायचा.

आकडेमोड

हे फार उपयोगी सांगितलंस. मी एवढंच जोडते, बॅच किती मोठी आहे तेही बघा मुलुंडकर. बारा मुलांच्या बॅचमध्ये दोघं इकडेतिकडे झाले की सतरा टक्के हलतात, तो बदल म्हणजे सुधारणाही नाही आणि घसरणही नाही.

मुलुंड_पूर्व

मुलीने आत्ता बसून तिच्या यादीतल्या सहा कोर्सपैकी चारांचे रिपोर्ट काढले. एकात मोठी बॅच आणि दोन सेमिस्टर उशिरापर्यंत बरीच मुलं पास दिसतायत, तो कोर्स कन्सल्टंटच्या लाल राज्यातला आहे. दुसऱ्या एकात मुलं येतात भरपूर आणि पास कॉलममध्ये फारच कमी, तो हिरव्या राज्यातला. उरलेल्या दोन कोर्सचा तक्ता सापडत नाहीये, त्याचं काय करायचं?

भाच्याने जर्मनचा क्लास लावायचं कबूल केलंय, मॅडमना मेसेज करतोय.

कल्याण_ते_सॅक्सनी

काही युनिव्हर्सिट्या आपल्या कोर्सना स्वतःच मान्यता देतात, त्यांच्याकडे हा तक्ता त्या साइटवर नेहमी मिळत नाही. तिथे त्या विभागाच्या फाखश्टुडिएनबेराटुंगला, म्हणजे कोर्सच्या सल्लागाराला, मुलीने स्वतः मेल करायचा, इंटरनॅशनल ऑफिसला नाही, ते फक्त ब्रोशर पाठवतात. दोन प्रश्न पुरे, गेल्या काही बॅचना साधारण किती सेमिस्टर लागली आणि सर्वात जास्त मुलं कुठल्या विषयात अडकतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की तो विषय इथूनच वाचायला घ्यायचा. आमच्याकडे तो विषय कंटिन्युअम मेकॅनिक्स आहे.

आणि काका, एपीएसचं सर्टिफिकेट, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, त्याचा अर्ज आधी टाका, नोव्हेंबर 2022 पासून ते सक्तीचं आहे आणि त्याशिवाय पुढे काहीच हलत नाही. शेवटचं वर्ष चालू असतानाही अर्ज करता येतो. हिवाळी सेमिस्टरची मुदत बऱ्याच ठिकाणी 15 जुलै असते पण इंग्लिश मास्टर्सची काही ठिकाणी मार्च किंवा मेमध्येच संपते, प्रत्येक कोर्सची तारीख वेगळी लिहून ठेवा. मुलीला काही विचारायचं असेल तर इथेच विचारू दे, मी रविवारी असतो.